पुट अप, पुट ऑफ : इंग्रजीच्या जोडक्रियापदांची कुळकथा

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राची वेस ओलांडून दूरच्या प्रांतांत येऊन राहिलेल्या आमच्यासारख्या मंडळींचा इंग्रजी भाषेशी जडलेला संबंध मोठा चमत्कारिक आहे. कचेरीत तिच्यावाचून आमचे पान हलत नाही. टिपणे तिच्यात लिहायची, मसुदे तिच्यात करायचे आणि वरिष्ठांची बोलणीही बहुधा तिच्यातच ऐकून घ्यायची. असे असूनही ही भाषा आपल्या घरची झाली आहे, असे छातीवर हात ठेवून म्हणण्याचे धाडस आमच्यापैकी फार थोड्यांना होईल. याचे कारण शोधू लागलो की आम्हांला आमच्या पहिल्या नेमणुकीतील एक प्रसंग हटकून आठवतो.

रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. एका जाडजूड फायलीच्या समासात वरिष्ठांनी दोनच शब्द लिहून ती आमच्याकडे धाडली होती : 'पुट अप'. मिल्टन आणि बर्क यांच्या आधाराने पदवी पदरात पाडून घेतलेल्या आम्हांला 'पुट' ठाऊक होता आणि 'अप'ही ठाऊक होता. परंतु दोघे एकत्र येऊन आमच्याकडून नेमके काय मागत आहेत, याचा काही केल्या उलगडा होईना. घरी जाऊन कोश उघडला. भिंत बांधणे, तंबू उभारणे, भाव वाढवणे, पाहुण्याला आपल्याकडे उतरवून घेणे, आणि पुढे 'विथ' हे आणखी एक शेपूट लागले तर मुकाट्याने सोसणे, असे सारे अर्थ तेथे होते. आमच्या उपयोगाचा मात्र एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरील वयोवृद्ध बंगाली बडेबाबूंनी शांतपणे समजावले, की प्रकरणाचा सारांश लिहावा, पूर्वीचे कागद जोडावेत आणि फाईल साहेबांपुढे ठेवावी. एवढाच त्याचा अर्थ. इतकी वर्षे शिकून जे इंग्रजी आम्हांला आले नव्हते, ते कोशात सापडले नाही. शेजारी बसलेल्या माणसाकडून मिळाले.

'पुट' म्हणजे ठेवणे, हे पहिलीतल्या मुलालाही सांगता येते. परंतु 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे, 'पुट डाउन' म्हणजे कधी लिहून ठेवणे तर कधी बंड मोडून काढणे. यांपैकी कोणत्याही अर्थात 'ठेवण्या'चा मागमूस सहजासहजी लागत नाही. क्रियापदामागे एखादे चिमुकले अव्यय येऊन बसते आणि त्याची जातकुळीच पालटून टाकते. इंग्रज या प्रकाराला 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. आपण त्यांना जोडक्रियापदे म्हणू. ही आली कोठून, आणि आमच्या शिक्षणातून ती निसटली कशी, हे पाहण्यासारखे आहे.

पाचव्या शतकापासून ब्रिटनच्या बेटावर येऊन वसलेल्या अँगल आणि सॅक्सन लोकांची भाषा या बाबतीत आपल्या संस्कृताला फारशी परकी वाटली नसती. 'हृ' या एका धातूला निरनिराळे उपसर्ग लावून आपण आहार, विहार, प्रहार आणि संहार असे भिन्न संसार उभे करतो. जुन्या इंग्रजीतही क्रियापदाच्या आधी असेच उपसर्ग लागत. 'अंडरस्टँड', 'फर्गिव्ह' आणि 'विदस्टँड' ही आजची क्रियापदे त्या पद्धतीचे अवशेष होत. त्यांखेरीज 'अप', 'आउट' यांसारखी सुटी अव्ययेही होती. ती क्रियापदाच्या कधी पुढे तर कधी मागे येत. पुढे झाले ते असे, की जुन्या उपसर्गांपैकी बहुतेकांचा जोर ओसरला आणि सुट्या अव्ययांनी क्रियापदाच्या मागची जागा कायमची बळकावली. आपल्याकडील वाटचाल नेमकी उलट्या दिशेची आहे. वेदांच्या भाषेत उपसर्ग धातूपासून दूर, सुटा उभा राहू शकत असे. पुढच्या संस्कृतात तो धातूला चिकटून बसला. एका भाषेत सुटे होते ते जुळले, दुसरीत जुळलेले मावळून सुटे बलवान झाले.

या फेरबदलाला स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांचा हातभार लागला असावा, असे अनेक भाषापंडितांचे मत आहे. नवव्या शतकापासून डेन आणि नॉर्वेजियन लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसती करून राहिले. त्यांच्या भाषेतून उपसर्ग जवळजवळ झडून गेले होते आणि क्रियापदामागे अव्यय लावण्याची रीत चांगलीच रुळलेली होती. आज जोडक्रियापदांत सतत भेटणारी 'टेक', 'गेट' आणि 'कॉल' ही क्रियापदेच मुळी त्यांच्याकडून आलेली. जुन्या इंग्रजीतील 'निमन' हा घेण्याचा शब्द हटवून 'टेक' तेथे स्थानापन्न झाला. हे शब्द जिंकणाऱ्यांनी हुकूम काढून लादलेले नव्हते. एका गावात राहणाऱ्या, परस्परांत सोयरीक करणाऱ्या आणि एकाच बाजारात धान्य विकणाऱ्या माणसांच्या तोंडून ते पसरले.

या क्रियापदांच्या आरंभीच्या लेखी उदाहरणांपैकी एक तर आम्हां नोकरदारांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे असे आहे. पीटरबरो येथील मठात जुन्या इंग्रजी बखरीचे लेखन चालू होते. १११६ साली लागलेल्या आगीनंतर तेथील भिक्षूंनी बखरीची नवी प्रत केली आणि पुढे तिच्यात भर घालत ११५४ पर्यंतचा वृत्तान्त आणून सोडला. तिच्या अखेरच्या भागात ११३२ सालची हकीकत येते. मठाचा प्रमुख हेन्री हा मूळचा फ्रान्सकडचा. एका मठाचा अधिकार हाती असताना त्याने पीटरबरोचाही मिळवला होता, आणि हा मठ परदेशातील क्लूनीच्या मठाच्या ताब्यात देण्याची त्याची खटपट चालली होती. राजा पहिला हेन्री याला हे डाव कळले. त्याने त्याला मठाचा अधिकार सोडायला लावून देशाबाहेर घालवले. हा अधिकार सोडण्याची गोष्ट सांगताना लेखकाने जे शब्द योजले, ते आजच्या 'गिव्ह अप'चेच जुने रूप आहे. इंग्रजी जोडक्रियापदाच्या अगदी पहिल्या उदाहरणांतले एक चार्ज सोडण्याचे निघावे, हा योगायोग आमच्या पेशाला साजेसाच म्हणायचा!

तोवर इंग्लंडात आणखी एक मोठी उलथापालथ होऊन गेली होती. १०६६ साली नॉर्मन आले आणि राजदरबार, न्यायालय व उमरावांचे वाडे यांत फ्रेंच भाषा नांदू लागली. धर्मपीठात आणि विद्यापीठांत लॅटिन होतीच. परिणामी इंग्रजी भाषेचा वाडा दुमजली झाला. वरच्या मजल्यावर 'पोस्टपोन', 'एक्स्टिंग्विश', 'टॉलरेट' आणि 'सरेंडर' अशी लॅटिन-फ्रेंच कुळातील मानकरी मंडळी. खालच्या मजल्यावर, चुलीच्या आणि गोठ्याच्या आसपास, तेच अर्थ सांगणारी 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट अप विथ' आणि 'गिव्ह अप' ही घरची माणसे. आपल्या मराठीत 'स्थगित करणे' आणि 'पुढे ढकलणे' यांत जे अंतर आहे, तेच हे. सभेच्या इतिवृत्तात पहिले शोभते. बायको विचारते तेव्हा दुसरेच तोंडात येते.

खालच्या मजल्यावरील या मंडळींना वाङ्मयात मज्जाव नव्हता. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात ती ठायीठायी आढळतात. शेतकऱ्यालाही कळावे अशी भाषा तेथे हवी होती. परंतु जसजशी लॅटिन व्याकरणाची शिस्त इंग्रजीला लावण्याची हौस वाढली, तसतशी विद्वानांना या सुट्या शेपटांची लाज वाटू लागली. कवी ड्रायडनने नाट्यकाव्यावरील आपला १६६८ चा प्रसिद्ध निबंध १६८४ मध्ये पुन्हा छापताना वाक्यांच्या शेवटी लोंबणारी अव्यये शोधशोधून काढून टाकली. लॅटिनमध्ये असे चालत नाही, मग इंग्रजीत तरी का चालावे, हा त्या काळच्या विद्वानांचा विचार.

या शब्दांकडे कोशकाराच्या गंभीर दृष्टीने पाहिले ते डॉ. सॅम्युएल जॉन्सनने. १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्याने स्पष्ट नमूद केले आहे, की क्रियापदामागे अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही रीत इंग्रजीत इतर भाषांहून अधिक आढळते आणि परकीयांना सर्वांत मोठी अडचण येते ती येथेच. म्हणूनच अशी रूपे त्याने फार काळजीपूर्वक टिपली. एकट्या 'टेक' या शब्दाचे १३४ अर्थ त्याच्या कोशात आहेत आणि त्यांनी पाच पाने व्यापली आहेत. ज्या पंडिताच्या स्वतःच्या लेखणीला लॅटिन वळणाचे भारदस्त शब्द प्रिय, त्यानेच या किरकोळ दिसणाऱ्या शब्दांची एवढी बूज राखावी, हे त्याच्या कोशकारपणाला भूषणावह आहे.

मराठी वाचकाला जॉन्सन परका नाही. त्याची 'रासेलस' ही कथा कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांनी मराठीत आणली आणि १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनचे चरित्रही लिहिले. परंतु त्या काळच्या सुशिक्षितांनी एकंदरीत जॉन्सनकडून घेतला तो त्याचा भरजरी थाट. प्रस्तावनेतला त्याचा इशारा बाजूलाच राहिला. याचा दोष त्यांना देण्यात अर्थ नाही. १८३५ साली मेकॉलेच्या टिपणानंतर इंग्रजी शिक्षणाची दिशा ठरली, १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली, आणि इंग्रजी आमच्याकडे आली ती ग्रंथांच्या दिंडीदरवाजाने. तिला आमच्या देशात स्वयंपाकघर नव्हते, अंगण नव्हते, भांडण करणारी भावंडे नव्हती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी मुलांच्या पिढ्यांना इंग्रजीचा ओनामा दिला, ही तिची थोर सेवा होय. तथापि वाक्यास वाक्य लावून जे साधते तेवढेच भाषांतराने साधते. आम्ही थेट वरच्या मजल्यावर उतरलो, आणि खाली जाणारा जिना आम्हांला कोणी दाखवलाच नाही. म्हणून आमच्या अर्जांत 'बिगिन'च्या जागी 'कमेन्स' आणि 'टेल'च्या जागी 'इंटिमेट' दिमाखाने मिरवले, आणि साहेब लोकांनी त्याला 'बाबू इंग्लिश' म्हणून हसून घेतले. हसणाऱ्यांना एवढे सुचले नाही, की ज्यांना आपण कधी घरात घेतले नाही, त्यांना घरातली भाषा येणार कोठून?

गंमत अशी की या क्रियापदांना सर्वमान्य नावही फार उशिरा मिळाले. लोगन पिअरसॉल स्मिथ याने १९२५ सालच्या आपल्या शब्द आणि वाक्प्रचारांवरील पुस्तकात 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा रूढ केली. ही संज्ञा ऑक्सफर्डच्या महाकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे त्याने नमूद केले आहे. 'गिव्ह अप'च्या त्या पीटरबरोच्या नोंदीनंतर जवळजवळ आठशे वर्षांनी झालेले हे बारसे!

नाव मिळाले त्याच सुमारास परकीयांना इंग्रजी शिकवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि या शब्दांवरून दोन पक्ष पडले. सी. के. ऑग्डेन याने १९३० मध्ये 'बेसिक इंग्लिश' नावाची योजना मांडली. तिच्यात अवघे ८५० शब्द, आणि क्रियापदे केवळ १८. 'पुट', 'गेट', 'टेक', 'गिव्ह' यांसारख्या क्रियापदांना 'अप', 'ऑफ', 'आउट' जोडले की हजारो जड क्रियापदांची गरज उरत नाही, असा त्याचा हिशेब. १९४३ साली हार्वर्ड येथील भाषणात चर्चिल यांनी या योजनेचा जाहीर पुरस्कारही केला. परंतु हिशेबात एक गफलत होती, आणि ती टीकाकारांनी दाखवून दिली. 'पुट' आणि 'अप' हे शब्द यादीत दोनच. पण त्यांच्या जोडीचा प्रत्येक नवा अर्थ शिकणाऱ्याला नव्या शब्दाइतकाच नवा. इंग्रजाच्या दृष्टीने जे सोपे, तेच परकीयाच्या दृष्टीने कठीण.

या टीकाकारांत मायकेल वेस्ट हा अग्रणी होता, आणि त्याचा अनुभव आपल्याच भूमीवरचा होता. हिंदी शिक्षणखात्याच्या सेवेत असताना त्याने डाक्क्यात बंगाली मुले इंग्रजी कशी वाचतात याचा बारकाईने अभ्यास केला आणि १९२६ साली द्वैभाषिकत्वावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३५ साली त्याने एका सहकाऱ्यासह जो कोश काढला, त्यात १८,००० शब्द आणि ६,००० वाक्प्रचार अवघ्या १,४९० शब्दांच्या भांडवलावर समजावून दिले आहेत. तिकडे जपानात ए. एस. हॉर्नबी आणि त्याचे दोन सहकारी अशाच कामात गुंतले होते. त्यांचा कोश १९४२ साली, ऐन महायुद्धात, तोक्योत छापला गेला. १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला आणि पुढे जगभरच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर तो जाऊन बसला. इंग्रजीच्या घरगुती शब्दांची परकीयांसाठी नीट मांडणी करण्याचे हे मोठे काम डाक्का आणि तोक्यो येथे, परकीय मुलांच्या सहवासात आकारास आले, हे विसरू नये.

याच सुमारास खुद्द इंग्लंडच्या सरकारला आपल्या अंमलदारांच्या भाषेची चिंता पडली. अर्थखात्याच्या सूचनेवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ साली 'प्लेन वर्ड्‌स' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. साधा शब्द चालत असेल तर जड शब्द वापरू नये, हे त्याचे सार. मात्र गॉवर्स यांनी दुसऱ्या बाजूचाही इशारा दिला, की शेपूट लावून अर्थात काहीच भर पडत नसेल, तर ते क्रियापदाला उगाच लावू नये. म्हणजे वरच्या मजल्यावरील दिमाख नको, तसा खालच्या मजल्यावरील गलकाही नको.

मग आमच्या कचेरीतील 'पुट अप' चुकीचे म्हणायचे काय? आम्हांला तसे वाटत नाही. आमच्या फायलींना जे सांगायचे होते ते सांगायला त्या दोन शब्दांनी नवा अर्थ धारण केला, आणि कचेरीतील बैठकीत तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. इंग्रजीला आमच्याकडे जे थोडेबहुत घर मिळाले ते फायलींच्या कपाटांत. तेथेच तिला आमची मुलेही झाली. फक्त वेशीबाहेर पडताना सावध असावे. आमच्याकडे दरवर्षी हजारो पदवीधर मोठ्या अभिमानाने 'पास आउट' होतात. इंग्लंडात लष्करी छात्रांखेरीज कोणी तसे म्हणाले, तर ऐकणारा आधी पाण्याचा पेला आणायला धावेल, कारण तेथे त्याचा रोजचा अर्थ शुद्ध हरपणे!

शिकणाऱ्याने घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. २००७ साली गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी ब्रिटिश इंग्रजीच्या एका प्रचंड संग्रहाची मोजदाद केली, तेव्हा त्यातील जोडक्रियापदांच्या वापरापैकी निम्म्याहून अधिक वापर केवळ शंभर जोड्यांचा असल्याचे दिसून आले. अडचण एवढीच, की या शंभरांपैकी प्रत्येकीला सरासरी पाचांहून अधिक अर्थ आहेत. तेव्हा याद्या पाठ करण्यापेक्षा अव्ययाचा स्वभाव ओळखणे बरे. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'टेअर अप' यांतला 'अप' वर जात नाही. तो क्रिया पुरती संपवतो. मराठी माणसाला हे समजावण्यास एक शब्द पुरे आहे : 'टाकणे'. खाऊन टाक, पिऊन टाक, फाडून टाक. येथे तरी आपण कोठे काय टाकतो?

येथे आम्ही स्वतःच्या घरापाशी येऊन पोहोचतो. बोलून गेला, बोलून बसला, बोलून टाकले, बोलून घेतले आणि बोलून दाखवले, या पाचांतील भेद आम्हांला कोणत्याही शिक्षकाने शिकवला नाही. 'गेला'त नकळतपणा आहे, 'बसला'त पश्चात्ताप आहे, 'टाकले'त सुटका आहे, 'घेतले'त आपली सोय पाहणे आहे, 'दाखवले'त मनातले उघड करणे आहे. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाचा आमच्या दारात हाच जिना चुकतो. आणि सांगायला संकोच वाटतो, पण आमच्या मुलांचाही चुकू लागला आहे.

गेल्या दिवाळीत पुण्याहून एक वृद्ध स्नेही आमच्याकडे आले होते. हिंदी मुलखात जन्मलेल्या आणि वाढलेल्या आमच्या मुलीने दार उघडले आणि अगत्याने म्हटले, "आजोबा, बसून जा ना!" 'बैठ जाइए'चे ते शब्दशः मराठी. बिचारे आजोबा क्षणभर उंबऱ्यातच थबकले. बसायचे की जायचे, हे त्यांना कळेना. मग हसून ते म्हणाले, "बसतो हो, बाळ, जाण्याचे मग पाहू." मुलीच्या शब्दांत व्याकरणाची चूक दाखवता आली नसती. दोन्ही शब्द अस्सल मराठी. चुकली होती ती फक्त त्यांची जोडी. 'पुट' आणि 'अप' यांच्यापुढे आम्ही जसे उभे होतो, तशीच आमची मुलगी स्वतःच्या मातृभाषेत उभी होती.

भाषा हातची जाऊ लागते तेव्हा मोठे शब्द आधी जात नाहीत. ते ग्रंथांत आणि कोशांत सुरक्षित असतात. आधी सैल होतात ते हे छोटे सांधे, आणि ते कोशात जपून ठेवण्याची सोय नाही. ते एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात, शेजारी बसूनच जातात. आमचे बडेबाबू शेजारी बसून सांगून गेले तसे. म्हणून हल्ली रात्रीच्या जेवणानंतर फायली बाजूला सारून आम्ही मुलीशी तासभर नुसते मराठीत बोलत बसतो. विषय कोणताही चालतो. परवा तिने दुधाचा पेला रिकामा करून खाली ठेवला आणि सहज म्हणाली, "टाकलं बाई एकदाचं पिऊन!" आम्ही काही बोललो नाही, पण त्या एका 'टाकलं'ने आम्हांला जो आनंद झाला, तो आमच्या बढतीच्या हुकुमानेही झाला नव्हता.